स्मृतिभ्रंश आणि घरचे सेवेकरी

जेवण होताच पुन्हा पान मागणाऱ्या वृद्धेस ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होणे सोपे. रात्र जागावी लागते ती सुनेस. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने या घरच्या सेवेकऱ्यांकडेच लक्ष वळविले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात ८१ कुटुंबे होती. प्रशिक्षित कार्यकर्ते, डॉक्टर नव्हेत, घरी येत; आजार समजावीत, रुग्णाची चिडचिड कशी हाताळावी ते सांगत, गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवीत. सहा महिन्यांत रुग्ण बरे झाले नाहीत, होणारही नव्हते. सेवा करणाऱ्यांच्या मनावरील भार मात्र हलका झाला. तामसीसारख्या सीमेवरील गावी असे कोणी दारी न आले, तरी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी आहे. आणि शेजारीण दोन तास येऊन बसली, तर सुनेचा डोळा लागेल.