घरच्या संगणकाला गारवा : किती आणि कोठवर?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाल्यावर, शीतकरणाच्या यंत्रांत सारी नोकरी काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला आपण येथे उभे केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझा विषय यंत्राचा असला तरी तो आपणां सर्वांच्या घरातला आहे. यंदा मंडळाच्या जुन्या ठेव्यावर एक संकट येऊन गेले, आणि त्याला काही अंशी मीच कारण झालो. त्याची कबुली देणे हा आजच्या बोलण्याचा एक हेतू. तसा प्रसंग दुसऱ्या कोणाच्या घरी येऊ नये, हा दुसरा.

आपल्या मंडळाच्या आरंभीच्या गणेशोत्सवांच्या चित्रफिती आणि हळदी-कुंकवाला जमलेल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी म्हटलेल्या ओव्यांच्या ध्वनिफिती एका ट्रंकेत पडून होत्या. त्या संगणकावर उतरवून स्वच्छ करण्याचे काम अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्यातल्याच एका मुलाने अंगावर घेतले. जुने चित्र स्वच्छ करावयाचे म्हणजे संगणकाला तासन् तास पूर्ण जोराने राबावे लागते. यंत्र तापे, पंखे घोंगावत, आणि तापमान ९५ अंशांच्या आसपास गेले की प्रोसेसर आपण होऊन आपला वेग उतरवी. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर गारवाच तयार केलात. माझ्या यंत्राला थोडा द्या ना!" अशा शब्दांना म्हातारा माणूस भुलतो. मीही भुललो.

यंत्राला गारवा देण्याची कल्पना काही नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या गणकयंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्यांतील प्रत्येक नलिका म्हणजे एक चिमुकली शेगडीच. १९७६ साली अमेरिकेत आलेल्या 'क्रे-१' या महासंगणकाच्या अंगातून फ्रिऑन हा प्रशीतक खेळवलेला होता. आपल्या शीतकपाटांत त्या काळी असे त्याच जातीचा. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकाची उष्णताही द्रव खेळवूनच वाहून नेली जाते. मोठ्यांच्या घरी जे चालते ते आपल्या घरी का चालू नये, असा विचार सहजच मनात येतो. परंतु त्या दालनांत हवेचे तापमान आणि आर्द्रता यांवर अहोरात्र पहारा असतो. आपल्या घरी तो नसतो, हे मी जमेस धरले नाही.

प्रथम आम्ही व्यवहार्यतेचा हिशेब केला. मुलाचे यंत्र पूर्ण कामावर असताना सुमारे ३०० वॉट वीज घेई, आणि ती सारी अखेर उष्णताच होऊन बाहेर पडे. दहा लिटर थंड पाणी फिरवले तर ही उष्णता त्याचे तापमान सव्वादोन-अडीच मिनिटांत एक अंशाने वाढवते. म्हणजे दहा अंशांचे पाणी पाऊण तासात तीस अंशांवर येणार. बर्फ घालावा म्हटले तर ताशी सव्वातीन किलो लागेल, आणि रात्रभराच्या कामाला पंचवीस किलोंहून अधिक. संगणकच शीतकपाटात ठेवण्याची कल्पना तर त्याहूनही फोल आहे. शीतकपाट ही वस्तू आत ठेवलेले अन्न एकदा गार करून गार राखण्यासाठी असते; पोटात सतत पेटती शेगडी सांभाळण्यासाठी नव्हे. त्याचा काँप्रेसर अखंड चालत राहील आणि तरीही आतली हवा तापतच जाईल. शिवाय उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. कपाटाच्या पाठीमागून ती काँप्रेसरच्या विजेची भर घालून आपल्याच खोलीत परत येते.

हे सारे मी जाणत होतो. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या एका जुन्या कूलरचे यंत्र काढून मी ते पाणी गार करण्यासाठी जोडून दिले, आणि पाणी १६ अंशांवर राहील अशी व्यवस्था केली. मार्चमधली दुपार होती. खोलीत ३३ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता. प्रयोग नामी झाला. प्रोसेसर शांत, वेग पूर्ण, नळ्या कोरड्या ठणठणीत. मुलाने आनंदाने पेढे वाटले.

मग जुलै आला. आपल्या म्हैसूरचा पावसाळा किती सुखाचा, हे आपण जाणता. खोलीत २६ अंश तापमान. एवढ्या गार दिवसांत यंत्राची काळजी कसली, असे आम्हां दोघांनाही वाटले. एके रात्री काम लावून मुलगा झोपी गेला. सकाळी पाहतो तो पडदा काळा, नळ्यांवर पाण्याचे थेंब, प्रोसेसरच्या भोवती ओल, आणि मदरबोर्ड निकामी. नळी कोठेही फुटली नव्हती. पाणी आले होते ते हवेतून.

भगिनींनो, हे शास्त्र आपण रोज स्वयंपाकघरात पाहता. शीतकपाटातून काढलेल्या पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. तो पाझर नव्हे. हवेतली वाफ थंड धातूला लागून पाणी होते. ज्या तापमानाला हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. गवतावर पहाटे पडणारे दहिवर तेच. मार्चमधल्या त्या दुपारी आमच्या खोलीतला दवबिंदू सुमारे १३ अंश होता, म्हणून १६ अंशांची नळी कोरडी राहिली. जुलैत आर्द्रता ८० टक्के होती आणि दवबिंदू २२ अंशांवर चढला होता. नळी तीच, पाणी तेच, पण आता ते दवबिंदूच्या सहा अंश खाली होते. दिवस जितका सुखद वाटला, तितकाच तो यंत्राला घातक होता. ज्याने चाळीस वर्षे शीतगृहांच्या भिंतींवरचे थेंब पुसले, त्याला हे सुचू नये, याचा सल मला आजही आहे.

आता तांब्याशेजारी माठ ठेवून पाहू. माठाचे पाणी स्वतःच्या बाष्पीभवनाने गार होते. कोरड्या हवेत तो पुष्कळ गारवा देतो, दमट हवेत थोडाच. पण काहीही झाले तरी माठ दवबिंदूच्या खाली जाऊ शकत नाही. हवा जितका गारवा देऊ शकते तितक्यावरच तो थांबतो. आपल्या आजीला दवबिंदू हा शब्द ठाऊक नव्हता, तरी तिच्या माठाने ही मर्यादा कधी मोडली नाही. यंत्राने गारवा निर्माण करताना मात्र ती मर्यादा आपणच स्मरणात ठेवावी लागते.

तेव्हा घरच्या संगणकाविषयी माझे सांगणे थोडक्यात असे. आजचे प्रोसेसर ७०-८० अंशांपर्यंत निर्वेध काम करतात. त्यांना बर्फाची गरज नाही, खोलीतल्या खेळत्या हवेची आहे. यंत्र लाकडी कपाटात कोंडू नये, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, दोन-तीन महिन्यांनी वीज तोडून पंख्यांवरची धूळ काढावी, आणि काही वर्षांनी प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप जाणकाराकडून बदलून घ्यावा. एवढ्यानेच बहुतेकांचे काम भागते. अधिक राबणाऱ्या यंत्राला बंद नळ्यांतून पाणी खेळवण्याची तयार व्यवस्था मिळते. त्यात पाण्याची उष्णता पंख्याने हवेत सोडलेली असते, म्हणून पाणी खोलीपेक्षा कधीच गार होत नाही आणि नळीला घाम फुटत नाही. गळतीचे भय थोडे असतेच. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले तर धातू झिजतो. आणि बोअरवेलचे पाणी त्यात कदापि घालू नये.

इतके असूनही कोणाला पाणी खोलीपेक्षा गार करावयाचेच असेल, तर खोलीत तापमापकाशेजारी आर्द्रतामापक हवा, पाणी दवबिंदूच्या निदान तीन अंश वर राखणारी स्वयंचलित व्यवस्था हवी, थंड भागांवर हवाबंद आवरण हवे, पक्के अर्थिंग आणि गळत्या विजेला तोडणारा स्विच हवा. आणि माणूस जागा हवा. घरात पाणी आणि वीज एकत्र नांदवावयाची असतील, तर निजलेल्या घराच्या भरवशावर ती सोडू नयेत.

आता त्या ठेव्याचे काय झाले, ते सांगतो. ओव्यांची एक ध्वनिफीत संगणकावर उतरवून होताच तुटली होती, आणि तिची एकमेव प्रत त्याच यंत्रात होती. ज्यांचे आवाज तिच्यात आहेत, त्यांतील कोणीही आज हयात नाही. दोन दिवस त्या मुलाने अन्नाला नीट हात लावला नाही, आणि खरे सांगावयाचे तर मीही नाही. दैव बलवत्तर म्हणून प्रती साठवणारी तबकडी पेटीच्या वरच्या, कोरड्या खणात होती. ती दुसऱ्या यंत्राला जोडली, आणि आपल्या आया-मावश्यांचा आवाज खोलीत पुन्हा उमटला. मुलाच्या आईने पदर डोळ्यांना लावला. मी काही बोललो नाही.

आज त्या ठेव्याच्या तीन प्रती तीन घरांत आहेत, आणि त्यांतील एक महाराष्ट्रात आहे. आपण सर्वांनी आपापल्या घरची छायाचित्रे, पत्रे आणि आवाज यांबाबत हेच करावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या आवाजांची दुसरी प्रत कोणत्याही बाजारात मिळणार नाही.

तो मुलगा आज येथेच, मागच्या रांगेत बसला आहे. चूक त्याची नव्हती, हे मी सर्वांसमक्ष सांगतो.