परसातील शेजारी आणि त्यांची मराठी नावे

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवी समारंभात शाळेच्या इमारतीविषयी, निकालांविषयी आणि कीर्तिमान विद्यार्थ्यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. ते काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी केले आहे. मला आज घरामागच्या जागेविषयी, म्हणजे परसाविषयी बोलावयाचे आहे. मराठी शाळेच्या समारंभात परसाचे काय काम, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करतो.

दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या मुलांची मराठी कोठे राहते, याचा थोडा विचार करावा. ती स्वयंपाकघरात राहते, देवघरात राहते, गणेशोत्सवाच्या मांडवात राहते. आजी-आजोबांशी बोलताना ती जिभेवर येते. परंतु उंबरठा ओलांडून मूल बाहेर पडले की खार ‘गिलहरी’ होते, मुंगूस ‘नेवला’ होतो, शिंपी पक्षी ‘दर्जिन’ होतो. हिंदी ही आपली जवळची बहीण आहे आणि या नगरीची भाषा आहे. तिच्याविषयी माझी मुळीच तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच, की जी भाषा केवळ घराच्या आत बोलली जाते ती हळूहळू आठवणींची भाषा होते. भाषेला जिवंत राहण्यासाठी समोर दिसणारे, हलणारे, दररोज बदलणारे काहीतरी लागते. ते देण्याचे सामर्थ्य परसात आहे.

आपल्या जुन्या घरांत अंगणात तुळस असे आणि परसात स्वयंपाकघराच्या पाण्यावर वाढलेले अळू, केळ, शेवगा आणि कढीलिंब असत. दिल्लीत आलेल्या मराठी माणसाने यातले निदान कढीलिंबाचे रोप कुंडीत का होईना, पण सोडले नाही. त्या रोपापासूनच आरंभ करू. लिंबाच्या कुळातील या झाडांवर काही फुलपाखरे अंडी घालतात. अंड्यातून निघालेली लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिला कोणी खात नाही. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते आणि डिवचले असता डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. पाने कुरतडलेली पाहून आपण औषध फवारतो आणि फुलपाखरू मात्र बागेत येत नाही म्हणून हळहळतो. आमटीच्या फोडणीस पुरून उरतील एवढी पाने त्या झाडाला असतात. चार पाने अळीसाठी सोडावयास हरकत नसावी.

याच परसात खार येते. प्रभू रामचंद्रांनी पाठीवरून बोटे फिरविली आणि तीन रेघा उमटल्या, ही कथा आपण मुलांना सांगतो. दिल्लीच्या खारीच्या पाठीवरच्या फिकट रेघा मोजल्या तर त्या पाच भरतात. ही उत्तरेकडील पाच पट्ट्यांची जात. दक्षिण भारतात तीन पट्ट्यांची दुसरी जात आढळते. कथा ऐकलेल्या मुलाने रेघा मोजाव्यात आणि पाच का, असे विचारावे, यातच शिक्षण आहे. त्या प्रश्नाने कथेचा अपमान होत नाही. उलट कथा खिडकीबाहेर येऊन खरी होते.

पावसाळ्याच्या तोंडावर दिल्लीच्या झाडांतून एक पक्षी चढत्या स्वरात अखंड ओरडतो. आपण त्याला पावशा म्हणतो, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याला त्याच्या स्वरात ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते. त्याच पक्ष्याला हिंदीत ‘पपीहा’ म्हणतात आणि तो ‘पी कहाँ’, म्हणजे प्रियकर कोठे आहे, असे विचारतो. इंग्रजांना मात्र त्यात मेंदूचा ज्वर ऐकू आला! आवाज एकच; परंतु एका भाषेने त्यात पेरणी ऐकली, दुसरीने विरह. ज्या मुलाला हे दोन्ही अर्थ ऐकू येतात ते मूल श्रीमंत आहे. आपल्या शाळेत शिकणारे मूल असे श्रीमंत होऊ शकते, ही इथे वाढण्याची जमेची बाजू आहे. पळसाचेही तसेच. आपण ‘पळसाला पाने तीनच’ म्हणतो, दिल्लीकर ‘ढाक के तीन पात’ म्हणतात. दोन्ही म्हणींच्या अर्थच्छटा वेगळ्या; पण त्या रचणाऱ्या माणसांनी एकच झाड नीट निरखले होते.

हा पावशा स्वतः घरटे बांधत नाही. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. आफ्रिकेतून पावसाच्या आगेमागे इथे येणारा चातकही तेच करतो. पाचोळा उलटीत, कलकलाट करीत टोळीने फिरणारे हे मातकट सातभाई दिल्लीच्या प्रत्येक बागेत आहेत. मराठीने त्यांना भाऊ मानले, इंग्रजीने बहिणी. त्यांचे पोट मात्र पाचोळ्यातील किड्यांवर चालते. आपण रोज सकाळी पाचोळा झाडून जाळला, की त्यांचे ताट काढून घेतो. आणि सातभाई गेले, तर ‘पेरते व्हा’ म्हणणाराही जातो.

मित्रहो, महाराष्ट्राने हरियाल हा आपला राज्यपक्षी मानला आहे. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबुतर पाहण्यासाठी दिल्लीहून ताडोबाला जाण्याची गरज नाही. पिंपळाला किंवा वडाला फळे धरली, की ते दिल्लीतही थव्याने उतरते. पानांत इतके मिसळते, की मान दुखेपर्यंत पाहावे लागते. दिल्लीने २०१२ मध्ये चिमणीला राज्यपक्षी केले. २० मार्च हा चिमणी दिन जगभर पाळला जाऊ लागला तो नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने. चिमणी दाणे खाते हे आपण जाणतो. पण तिची पिले वाढतात ती कोवळ्या किड्यांवर. नुसत्या दाण्यांची वाटी ठेवून चिमणी परत येणार नाही. तिला माती आणि झुडूप हवे.

माती कमी होत चालली आहे, ही आजच्या दिल्लीची खरी चिंता आहे. बैठ्या घरांच्या जागी मजले चढतात, परसात मोटारी उभ्या राहतात, उरलेल्या जागेवर फरशी बसते. झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते. ते एक मीटर अंतरापर्यंत काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला. सरोजिनीनगर, नौरोजीनगर, नेताजीनगर या सरकारी वसाहतींत केंद्र सरकारच्या नोकरीतील कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. त्यांच्या पुनर्विकासासाठी हजारो झाडे तोडण्याचे ठरले, तेव्हा २०१८ च्या जूनमध्ये नागरिक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला स्थगिती दिली.

एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू, असे अशा वेळी सांगितले जाते. हे गणित धनेशाला विचारून पाहावे. राखी धनेश दिल्लीच्या जुन्या झाडांवर आजही दिसतो. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक चिंचोळी फट राहते. तिच्यातून नर तिला आणि पुढे पिलांना अन्न भरवितो. अशी ढोली तयार होण्यास झाडाला कित्येक दशके लागतात. दहा रोपांत मिळून एकही ढोली नसते. साठ वर्षांच्या शाळेचे मोल ज्यांना कळते, त्यांना साठ वर्षांच्या झाडाचे मोल समजावून सांगावे लागू नये.

सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात आयुष्य घालविले, वनवासींच्या तोंडची नावे टिपली आणि मराठीला पक्षिकोश दिला. अरण्यात राहून त्यांनी जे मोठ्या प्रमाणावर केले, ते आपण परसात लहान प्रमाणावर करू शकतो. माझ्या तीन विनंत्या आहेत. पालकांनी घरामागे, गच्चीवर किंवा सज्जात निदान हातभर माती उघडी ठेवावी आणि तिच्यावर विष फवारू नये. शाळेने प्रत्येक वर्गात एक ‘परसवही’ ठेवावी. मुलांनी तारीख घालून त्या दिवशी काय दिसले ते मराठीत लिहावे आणि शेजारी त्याचे हिंदी नावही नोंदवावे. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. नाव शोधण्यासाठी ते आजोबांना दूरध्वनी करतील, हा आणखी एक लाभ. आणि माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वसाहतीतील एका जुन्या झाडाची जबाबदारी घ्यावी, त्याच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी आहे ना, हे पाहावे.

शेवटी सातविणीची आठवण करून देतो. सह्याद्रीतील हे झाड आज दिल्लीच्या रस्तोरस्ती लावलेले आहे आणि ऑक्टोबरात त्याच्या फुलांच्या दर्पाने संध्याकाळ भरून जाते. त्याच्या लाकडाच्या पाट्या करून मुले त्यांवर अक्षरे गिरवीत, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात विद्यार्थ्याचा उल्लेख आला. दूरच्या मातीतून येऊन इथे रुजलेले आणि विद्येशी नाते सांगणारे झाड आपल्या शाळेच्या कुळातलेच म्हणावे लागेल. ते रुजले, कारण त्याला पाय रोवण्यापुरती माती मिळाली. आपल्या मुलांच्या मराठीलाही तेवढीच माती हवी आहे. ती देण्यात आपण प्रत्येकाने खारीचा वाटा उचलावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.