विणणावळीचा हिशेब



प्रवासाच्या हकिकती आपण पुष्कळ ऐकतो. कुणी चारधाम करून येतं, कुणी दहा दिवसांत युरोपातले सात देश पाहून येतं. मी आज तुम्हाला अशा एका सहलीविषयी सांगणार आहे, जिच्यातल्या सगळ्या माणसांना एकच वेड होतं, आणि ते म्हणजे लोकर. दिवसभर लोकर पाहायची, हाताळायची, तिच्याविषयी ऐकायचं आणि बसमध्ये बसलं की पिशवीतून सुया काढून विणायला लागायचं. आमच्या बसमध्ये गप्पांपेक्षा टाके मोजण्याचेच आवाज जास्त.

ही सहल होती शेटलंड बेटांची. ही बेटं स्कॉटलंडच्याही उत्तरेला, नॉर्वेच्या वाटेवर आहेत. लहानमोठी शंभरेक बेटं, त्यांतल्या सोळांवर वस्ती, आणि माणसं सगळी मिळून तेवीस हजारांच्या आसपास. मेंढ्या मात्र माणसांच्या कितीतरी पट. झाड औषधालाही सापडायचं नाही. कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरपेक्षा लांब नाही. ही बेटं पूर्वी डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची. त्याची मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली, हुंड्याची रक्कम जमेना, म्हणून 1469 मध्ये त्यानं ही बेटं गहाण टाकली. ती पुन्हा कधी सुटली नाहीत. हुंड्यापायी शेत गहाण पडल्याचं आपण ऐकलेलं असतं, पण इथे बेटंच्या बेटं गेली!

या बेटांवर 2010 पासून दरवर्षी सप्टेंबरअखेरीस लोकर-सप्ताह भरतो. जगभरातून विणणाऱ्या बायका येतात, थोडे पुरुषही येतात. त्या वर्षासाठी टोपीचा एक नमुना आधीच जाहीर होतो. ज्यानं त्यानं ती टोपी आपापल्या घरी, आपल्या आवडीच्या रंगांत विणायची आणि डोक्यावर घालून यायचं. वारीत तुळशीची माळ पाहून आपण माणूस ओळखतो, तशी तिथे टोपी पाहून ओळख पटते. 2024 साली मी पोस्टातल्या नोकरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. एडिंबरात नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं आम्हा दोघींची नावं परस्पर या सहलीत घातली. ॲबर्डीनहून संध्याकाळी बोट निघते आणि रात्रभर हेलकावे खात सकाळी लर्विक या मुख्य गावी पोचते. आमच्या गटात सोळा जण होते आणि वाट दाखवायला तिथलीच एक बाई. साठीची, गालांवर वाऱ्यानं चढलेली लाली, आणि बोलताना हात कायम विणण्यात.

आता तिथे काय पाहिलं ते थोडक्यात सांगते. शेटलंडची मेंढी लहानखुरी. तिची लोकर मऊ असते आणि मुळातच तिच्यात कितीतरी रंग. तांबूस तपकिरी रंगाला तिथे 'मूरिट' म्हणतात, गडद करड्याला 'शेला', निळसर करड्याला 'एमस्केट'. 'शेला' ऐकून आम्ही मायलेकी एकमेकींकडे बघून हसलो. पूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेंढीची लोकर आपसूक सुटायला लागली, की कात्री न लावता ती हातानंच उपटून काढायचे. मानेखालची लोकर सगळ्यांत तलम. अन्स्ट नावाच्या उत्तरेकडच्या बेटावरच्या बायका ती हातानं कातून, जाळीदार शाली विणत. दोन-दोन मीटर लांबीरुंदीची शाल, पण लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढून काढता यायची. आपल्याकडे ढाक्याच्या मलमलीची अशी गोष्ट सांगतात ना, तशीच.

सँडनेस गावी सूतगिरणी पाहिली. तिथे कितीतरी छटांमध्ये लोकर आधी रंगवतात आणि मग ती वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजून तिचा धागा काढतात. त्यामुळे लांबून निळा दिसणारा धागा जवळून पाहिला तर त्यात जांभळा, हिरवा, थोडा तांबडाही असतो. बाहेरच्या डोंगरावर पाहिलं की तेच रंग. फेअर आयल हे त्यांतलं एक इवलंसं बेट. त्याच्या नावानं ओळखलं जाणारं रंगीत विणकाम तुम्ही स्वेटरवर पाहिलं असेल. दहा-बारा रंगांचं वाटतं, पण एका ओळीत फक्त दोनच रंग असतात. पुढे आठवा एडवर्ड झालेल्या राजपुत्रानं 1922 मध्ये तसला स्वेटर घालून गोल्फच्या मैदानावर पाऊल टाकलं, आणि साऱ्या इंग्लंडला त्याचं वेड लागलं.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगते आहे, ती गोष्ट.

पहिल्याच रविवारी एका गावच्या सभागृहात चहापाण्याचा कार्यक्रम होता. टेबलांवर केक आणि पलीकडे हाताने विणलेल्या वस्तू विकायला. एका म्हाताऱ्या बाईपाशी एक स्वेटर होता. करडा, तपकिरी आणि मधला पट्टा समुद्राच्या रंगाचा. किंमत चारशे पौंड. मी मनात रुपयांचा हिशेब केला, चाळीस हजारांच्या वर! आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "थोडं कमी नाही का होणार?" लेकीनं कोपर मारलं. "आई, इथे घासाघीस नको गं." त्या म्हाताऱ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी स्वेटर उचलला, उलटा केला आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. एक गाठ नाही, एक धागा ओढलेला नाही. ज्याला विणकाम कळतं त्याला ती बाजू पाहून सगळं कळतं. मला कळलं. पण मी 'छान आहे' म्हणून पुढे गेले.

बुधवारी आम्ही लर्विकच्या संग्रहालयात गेलो. 1951 मध्ये गनिस्टरजवळ सरपणासाठी दलदलीची माती खणताना एका माणसाचे अवशेष सापडले होते. सतराव्या शतकाच्या अखेरचा हा माणूस, आणि त्याच्या अंगावरचे लोकरीचे कपडे मातीत टिकून राहिले होते. टोप्या, हातमोजे, पायमोजे आणि नक्षी विणलेली एक छोटी पैशाची पिशवी. त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तिथे मांडल्या आहेत. पिशवी पाहून सगळे खूश. मग आमच्या वाटाड्या बाईंनी आम्हाला बसवलं आणि म्हणाल्या, "पैशाची पिशवी पाहिलीत. आता विणणाऱ्या बायकांच्या हातात पैसे किती पडत, ते ऐका."

एकोणिसाव्या शतकात इथल्या बायका पाठीवर सरपणाची टोपली, कमरेला घोड्याचे केस भरलेला भोकाभोकांचा चामडी पट्टा, त्यात सुईचं टोक खोचलेलं, अशा चालता चालता विणायच्या. शाल, मोजे तयार झाले की दुकानदाराकडे न्यायच्या. तो रोख पैसे द्यायचा नाही. मालाच्या बदल्यात चहा द्यायचा, कापड द्यायचा, नाहीतर त्याच्याच दुकानात चालणारी चिठ्ठी हातावर ठेवायचा. घरात पीठ नाही, पण पिठाला पैसे कुठून आणायचे? मग बाईनं तो चहा, ते कापड शेजारी कुणाला तरी कमी भावानं देऊन पीठ आणायचं. 1872 मध्ये सरकारनं याची चौकशी केली. बायकांना बोलावून त्यांच्या जबान्या घेतल्या, त्या शब्दाला शब्द छापलेल्या आहेत. 1887 मध्ये कायद्यानं अशी मजुरी बंद करायचं ठरलं, तरी हा व्यवहार पुढे कित्येक वर्षं चालूच राहिला.

श्रोतेहो, मी ते ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे लर्विक नव्हतं, लालबागची आमची चाळ होती.

1982 च्या 18 जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील गिरणीत साचेवाले. सुरुवातीला वाटलं, महिन्याभरात मिटेल. तो कसा मिटला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या आईला विणकाम येत होतं. मुंबईत थंडी नसली तरी बाळं होतच असतात आणि बाळंतविड्यात लोकरीचा स्वेटर, टोपरं, मोजे लागतातच. दादरच्या एका दुकानासाठी ती असे संच विणून द्यायला लागली. एका संचाचे बारा रुपये. ती रात्री दिव्याखाली विणायची आणि दर शनिवारी मी ते कागदात बांधून पोचवायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दुकानदार संच उलटा करून बघायचा, एखादा टाका सैल दिसला की रुपया कापायचा. आणि कधीकधी म्हणायचा, "वहिनींना सांग, या आठवड्यात रोख नाही. त्याऐवजी लोकर घेऊन जा."

घरी तांदूळ नाही आणि मी पिवळ्या लोकरीचे गुंडे घेऊन जिना चढते आहे! आई काही बोलायची नाही. त्या लोकरीचं आणखी एक टोपरं विणायची आणि चाळीत कुणाला तरी देऊन शेरभर तांदूळ आणायची. मी चिडायची. "आई, तू त्याला बोलत का नाहीस?" ती म्हणायची, "अगं, घरात बसून तर करते. त्यात काय एवढं?"

'त्यात काय एवढं' हे आईचं वाक्य मी चाळीस वर्षं तिच्या साधेपणात जमा करत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे वाक्य तिचं नव्हतंच. दुकानदार, शेजारीपाजारी, आम्ही घरातले, सगळे तेच म्हणत होतो. तिनं आमचंच वाक्य उचललं होतं. आणि तिची मुलगी, जिनं त्या दुकानाच्या पायरीवर रुपया कापला गेल्यावर डोळ्यांत पाणी आणलं होतं, तीच रविवारी एका म्हाताऱ्या बाईला विचारून आली होती, 'थोडं कमी नाही का होणार?'

गुरुवारी त्याच बाईंचा विणकामाचा वर्ग होता. कमरेचा पट्टा लावून चार-चार सुया कशा चालवायच्या, ते त्या शिकवत होत्या. वर्ग संपल्यावर मी थांबले आणि विचारलं, "त्या स्वेटरला किती वेळ लागला?" म्हणाल्या, "शंभरेक तास. कातणं, रंगवणं नाही धरलेलं, नुसतं विणणं." त्या वर्षी ब्रिटनमध्ये तासाचं किमान वेतन होतं 11 पौंड 44 पेन्स. म्हणजे नुसती विणणावळ झाली 1144 पौंड. त्यांनी मागितले होते चारशे, तेही लोकरीसकट. म्हणजे तासाला चार पौंडसुद्धा पडले नाहीत. मी म्हटलं, "मी तो घेते, सांगितलेल्या किमतीला." त्या हसल्या. स्वेटर सोमवारीच गेला होता. मग मी त्यांच्याकडून एक लहान टोपी घेतली. त्या म्हणाल्या, "माझ्या आईनं विणून भरपूर दुकानांतला चहा आणला. मी निदान पैसे आणते." आम्ही दोघी थोडा वेळ बसलो. मी आमच्या पिवळ्या लोकरीची गोष्ट सांगितली. भाषांतर करायला लेक होती, पण ती मध्येच थांबली. तिला ही गोष्ट मी कधी सांगितलीच नव्हती.

सगळंच उदास आहे असं नाही. सत्तरच्या दशकात तिथे तेल सापडलं, चांगल्या पगाराच्या नोकऱ्या आल्या आणि बायकांनी सुया खाली ठेवल्या. त्यांना दोष कोण देणार? 2010 मध्ये शाळांतले विणकामाचे तास काटकसरीपायी बंद झाले. पण गावातल्या जाणत्या बायकांनी स्वयंसेवक म्हणून मुलांना शिकवायला सुरुवात केली. 'पीरी मॅकर्स' असं त्या उपक्रमाचं नाव. पीरी म्हणजे चिमुकले. आठ-नऊ वर्षांची मुलंमुली पट्टा बांधून भराभर विणताना मी पाहिली. लोकर-सप्ताहामुळे गावात पाहुणे येतात, खाणावळी चालतात, वर्गांची फी मिळते. विणलेल्या वस्तूची पुरती किंमत मिळत नसली, तरी विणण्याच्या विद्येला मान मिळायला लागला आहे.

परत आल्यावर मला आपल्या घोंगडीची आठवण झाली. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, पण सणगरांच्या मागावर तिची घोंगडी व्हायची आणि ती पाऊस, थंडी दोन्हींत धनगराला पुरायची. आज लोकर कातरायची मजुरीही सुटत नाही म्हणून कित्येक ठिकाणी ती फेकून देतात. घोंगडी आपण प्रदर्शनात पाहतो, हात फिरवतो, 'किती छान' म्हणतो, आणि मग विचारतो, 'थोडं कमी नाही का होणार?'

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एक ओळखीच्या बाई आल्या. सुनेला दिवस गेले आहेत. म्हणाल्या, "लोकर मी आणून देते हो, तुम्ही संच विणून द्या. तुमचा तेवढाच वेळ जाईल." मी वही काढली. स्वेटर, टोपरं, मोजे यांचे तास मांडले आणि त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, "तुमच्या नातवंडासाठी मी आनंदानं विणीन. पैसे नाही दिलेत तरी चालेल. पण फुकट म्हणजे किती, ते आधी बघा." त्यांनी वही बराच वेळ वाचली. मग म्हणाल्या, "एवढं असतं?"

संच विणून तयार आहे, फिक्या पिवळ्या रंगाचा. त्यांनी विणणावळ दिली, मी घेतली. आईनं ती घेतली असती का, मला माहीत नाही. पण तिच्या वतीनं मी ती घेतली.



(रेडिओवरील भाषण, संपादित)