फाशातलं शिसं

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!

टाळकऱ्यांनी अभंग गोड म्हटला. वरून काहीही दाखवा, आत काय आहे ते पांडुरंगाला कळतं, एवढाच आजच्या सेवेचा विषय. आणि त्यासाठी मी ही एक वस्तू आणलीय. मागच्या माउलींना दिसत नसेल, म्हणून सांगतो. हा फासा आहे. तुम्ही म्हणाल, महाराज, हातात चिपळ्या शोभतात, फासा कशाला? थांबा. गोष्ट याच डिलाईल रोडची आहे.

फाशाला सहा अंगं. एकाच्या पाठीला सहा, दोनच्या पाठीला पाच, तीनच्या पाठीला चार. समोरासमोरची बेरीज कायम सात. खरा फासा कुणाचाच नसतो, सेठचा नाही आणि हमालाचाही नाही. पण या फाशात एकाच्या ठिपक्याला बारीक भोक पाडून आत शिसं भरलंय, वरून रंग दिलाय. जड अंग खाली बसतं आणि सहा वर येतो. दर वेळी नाही बरं का! दर वेळी आला तर ठक पकडला जाईल. दहातून चार-पाच वेळा येतो, तेवढं पुरतं. मधे मधे तुम्हालाही जिंकू देतो. जिंकलात की तुम्हाला वाटतं, आपलं नशीब उघडलं. तिथेच माणूस बसून राहतो.

आमचे तात्या गिरणीत साच्यावर होते. बीडीडी चाळीतली एकशेसाठ चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही पाच जणं, आणि आईची खानावळ. आठ गडी जेवायला. तेव्हा हा सगळा कापसाचा मुलूख. जुगारसुद्धा कापसाचाच! न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला, कितीला बंद झाला, त्यावर इथले लोक आकडा लावायचे. पुढे १९६० नंतर मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते आले, पण ओपन आणि क्लोज हे शब्द तेच राहिले. ज्या कापसाच्या धाग्यावर आमचं पोट, त्याच कापसाच्या भावावर पोट गमवायचं. विठ्ठल विठ्ठल!

पगाराच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक माणूस गोणपाट टाकून फासे घेऊन बसायचा. एका पगाराला तात्या तिथे बसले. घरी आले तेव्हा पाकिटात ट्रामच्या तिकिटाएवढेही पैसे नव्हते. आई बोलली नाही. आठ गड्यांची ताटं वाढली, आणि शेवटी आम्हा पोरांना पेज दिली.

दुसऱ्या दिवशी भजनातले एक म्हातारे बुवा तात्यांबरोबर त्या गोणपाटाशी गेले. हातात पितळी पेला, पेल्यात पाणी, आणि त्यात मूठ-दोन मुठी मीठ. म्हणाले, "बाबा, तुझा फासा जरा यात टाक." मिठाच्या पाण्यात हलका फासा तरंगतो. खरा असेल तर आज हे अंग वर, उद्या ते. हा फासा कसाही टाकला, तरी वळून सहाच वर करायचा. चार वेळा टाकला, चार वेळा सहा. ठक गोणपाट टाकून पळाला. पैसे गेलेच, फासा मात्र तात्यांच्या हातात राहिला.

आता ऐका, माउली. फसलेल्या माणसाच्या हाती फसवायचं हत्यार आलं. त्याचं तो काय करील? त्यांना इथेच थांबवू आणि महाभारतात जाऊन येऊ.

लोक म्हणतात, शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते. ती लोकांतली कथा. व्यासांच्या भारतात हाडं नाहीत. तिथे शकुनी फाशांत तरबेज आहे आणि कपटाने खेळतो, एवढंच. धन गेलं, राज्य गेलं, भाऊ गेले, धर्मराज स्वतः गेला, मग द्रौपदी पणाला लागली. तिने भर सभेत विचारलं, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क राहिला का? सभेला उत्तर देता आलं नाही. धृतराष्ट्राने सगळं परत दिलं. आणि मग? पुन्हा बोलावणं आलं, आणि धर्मराज पुन्हा गेला! पहिल्यांदा फाशाने फसवलं म्हणू. दुसऱ्यांदा कपट ठाऊक होतं की. तेव्हा शिसं फाशात नव्हतं, मायबाप. ते आत होतं. वनवास त्या दुसऱ्या डावाचा आहे.

त्याच वनात बृहदश्व ऋषींनी त्याला नळराजाची कथा सांगितली. कली नळाच्या अंगात शिरला, द्वापर फाशांत शिरला. नळ आपला भाऊ पुष्कर याच्याशी खेळून राज्य हरला, दमयंतीला रानात सोडून गेला. पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत बेहड्याचं झाड लागलं. राजाने बसल्या जागी पानं-फळं मोजून सांगितली. नळाने उतरून, झाड तोडून ती मोजली, तर तंतोतंत! मग राजाने त्याला अक्षहृदय दिलं, म्हणजे फाशांचं मर्म. ते मर्म कळताक्षणी कली नळाच्या देहातून बाहेर पडला आणि बेहड्यात शिरला. डाव आतून कसा चालतो हे कळलं की कली राहत नाही.

नळ परत आला, पुष्कराशी खेळला, एका डावात राज्य जिंकला. आता पुष्कराला रानात धाडायला हवं होतं, नाही का? नळाने त्याला मिठी मारली. म्हणाला, हे तुझं काम नव्हतं, कलीचं होतं. त्याचा वाटा त्याला देऊन घरी पाठवला. शकुनीलाही मर्म ठाऊक, नळालाही. एकाने ते घर उजाडायला वापरलं, दुसऱ्याने सुटायला आणि सोडवायला.

बोला, विठ्ठल विठ्ठल!

आता तात्यांकडे चला. लपवत नाही, त्यांनीच मला सांगितलं होतं. तात्या त्या दिवशी नळ झाले नाहीत. चार दिवसांनी आमच्या खानावळीतला एक गाववाला पोरगा, नुकताच बदलीवर लागलेला, त्याला म्हणाले, बस रे, दोन डाव टाकू. फासा हाच. पोराचे अकरा रुपये जिंकले. रात्री आईने ताट वाढलं तर पोरगा म्हणाला, "काकी, आज भूक नाही." आई आग्रह करत राहिली. खानावळीचे पैसे द्यायचे कुठून, म्हणून तो जेवत नव्हता, हे फक्त तात्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

उठले, सगळ्यांसमोर अकरा रुपये त्याच्या ताटाशी ठेवले, मिठाचं पाणी मागवलं आणि फासा पेल्यात टाकून दाखवला. "तुला मी फसवलं," एवढंच म्हणाले. पोराने मान खाली घातली, आणि जेवला.

तेव्हापासून हा फासा भजनी मंडळाच्या पेटीत, टाळांबरोबर. पगाराच्या संध्याकाळी तात्या जिन्यात पेला घेऊन बसायचे आणि नव्या पोरांना दाखवायचे. १९८२ चा संप आला, गिरण्यांचे भोंगे थांबले, पगाराचा दिवसच राहिला नाही. फासा राहिला, तो माझ्याकडे आला.

आज चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. गोणपाटवाला दिसत नाही, तो खिशातल्या मोबाईलमध्ये बसलाय. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने बंदीचा कायदा केला, चांगलं झालं. पण धर्मराजाला दुसऱ्यांदा कुणी ओढून नेलं नव्हतं. मायबाप, घरी पोरगा जेवायला नको म्हणाला तर रागावू नका. जवळ बसा, किती गेले ते विचारा. तो सांगेल असं तुमचं तोंड असू द्या.

आणि आपलं मन रोज रात्री नामाच्या पेल्यात टाकून बघा. तेच अंग वर येतंय का? येत असेल, तर आत शिसं आहे. लपवू नका. तात्यांसारखं ताटाशी ठेवा. पांडुरंग काढून घेईल.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!