पानावरचा आग्रह



आपल्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की वाढणाऱ्याला खरा उत्साह येतो. पाहुणा पानावर आडवा हात धरतो, वाढणारी त्या हाताच्या बाजूने पोळी सरकवते, आणि 'आमच्याकडचं आवडलं नाही वाटतं' असे शब्द कानी आले की बिचाऱ्याला ती संपवावीच लागते. लग्नाच्या पंगतीत तर यजमान स्वतः जिलबीचे ताट घेऊन फिरतो. पूर्वी जिलब्यांच्या पैजा लागत आणि पैज जिंकणाऱ्याचे नाव चार गावांत होई. आज मी जादा खाण्याबद्दल बोलणार आहे. पण खाणाऱ्याला नावे ठेवण्याआधी आपण जरा वाढणाऱ्या हाताकडे पाहू.

हा आग्रह काही उगाच आलेला नाही. जिथे पाऊस वरचेवर दगा देतो तिथे भरलेले पान ही मोठीच माया असते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी आणि परदेशी मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. नातवाने भाकरीचा तुकडा टाकलेला त्यांना पाहवत नाही, आणि त्यांचे चुकते असे कोण म्हणेल? शिवाय तेव्हाचे कष्टही तसेच होते. मोट हाकायची, नांगर धरायचा, पहाटे जात्यावर दळायचे, बाजाराला चार कोस पायी जायचे. तीन भाकऱ्या खाल्ल्या तरी त्या दुपारपर्यंत जिरून जात.

आता मोट गेली, पंप आला. जाते गेले, गिरणी आली. बांधापर्यंतसुद्धा मोटारसायकल जाते. भाकऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या, आणि त्यांच्या जोडीला स्टँडवरचा वडा, संध्याकाळची शेव आणि पाच वेळचा चहा आला. चहाचाच हिशेब घ्या. कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कपांचे दहा चमचे होतात, म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पन्नास ग्रॅमच्या वर साखर घेऊ नये, पंचवीसच्या आत राहिला तर अधिक बरे. म्हणजे जेवायला बसण्याआधीच कोटा संपला! आणि चहाला आपण खाणे म्हणतच नाही.

अर्थात हे सर्वांना लागू नाही. उसाच्या फडात दिवसभर कोयता चालवणाऱ्याला 'दोन घास कमी खा' असे सांगणे हा शहाणपणा नव्हे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २४ जणींचे वजन प्रमाणापेक्षा जास्त भरले, आणि सुमारे १९ जणींचे कमी. शहरात जास्त वजनाचे प्रमाण अधिक आहे, पण खेडी काही सुटलेली नाहीत. एकाच आळीत एका घरी पोट सुटलेले आणि शेजारच्या घरी हाडे दिसणारी, अशी आपली परिस्थिती आहे.

आता पोटाचे कामकाज पाहा. अन्न पोटात गेल्यावर 'भरले' हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. आपले जेवण सात-आठ मिनिटांत उरकते, तेही एक डोळा टीव्हीवर किंवा मोबाइलवर ठेवून. निरोप पोचेतो दोन भाकऱ्या जादा गेलेल्या असतात. आपल्या जुन्या लोकांनी जेवणाआधी श्लोक म्हणण्याची चाल पाडली. भाव देवाचा, पण घाई मोडण्याचा फायदाही त्यात होता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला द्यावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. आपण चारही भाग भरून वर सुपारी खातो.

म्हणून घरात पहिला बदल वाढण्यात करावा. नेहमीच्या निम्मेच वाढावे. भाजी, आमटी आणि कोशिंबीर मात्र आधी आणि सढळ हाताने. भाताचे पातेले आणि भाकरीची टोपली पानाशेजारी न ठेवता चुलीजवळच राहू द्यावी. पहिले पान संपले की थोडे थांबावे, मग ज्याला खरेच हवे त्याने पुन्हा मागून घ्यावे. 'आणखी हवं का?' हे एकदाच विचारावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण कमी करू नये, किंवा चुकवूही नये.

घरच्या बाईबद्दल बोलायलाच हवे. ती सर्वांच्या मागून जेवते. कधी तिला भाजी उरत नाही, तर कधी वाया जाऊ नये म्हणून मुलांच्या ताटातला भातही तीच संपवते. म्हणजे तिचे जेवण तिच्या भुकेवर नव्हे, भांड्यांत काय उरले त्यावर ठरते. उरलेले अन्न भूक नसताना पोटात ढकलले म्हणजे ते सत्कारणी लागले, असे मला वाटत नाही. भाकरी उरली तर सकाळी ताकाबरोबर खावी. रोज उरत असेल तर एक कमी थापावी. आणि तिनेही सर्वांबरोबर पंगतीला बसावे. पुरुष मंडळींनी उठून आपापले वाढून घेतले तर काही बिघडत नाही.

शिक्षक मित्रहो, शाळेतल्या दुपारच्या जेवणात तुमचे काम नाजूक आहे. काही मुलांचे ते दिवसातले सर्वांत भरीव जेवण असते. त्यांच्यापुढे मिताहाराचे व्याख्यान नको, त्यांना पोटभर मिळू द्या. पण 'ताट चाटूनपुसून साफ केलंच पाहिजे' असा दंडकही घालू नका. आधी थोडे वाढा, पुन्हा मागण्याची लाज वाटू देऊ नका, आणि 'पुरे' म्हणणाऱ्या मुलाचे 'पुरे' खरे माना. टाकणे आपोआप कमी होते.

आणि येत्या लगीनसराईत यजमानांनी एवढे करून पाहावे: वाढप्यांना सांगून ठेवावे, की पानावर आडवा हात दिसला की पुढे सरका. पंगत उठल्यावर पत्रावळींत किती जिलब्या उरल्या, ते मग स्वतः जाऊन मोजावे.