दोरीचा तोळा

नगर जिल्ह्यात ज्वारीच्या शिवारात वाढलेल्या माणसाला गोफण आणि आसूड समजावून सांगावे लागत नाहीत. गोफणीत वजन दगडाचं. दोरी त्याला फिरवते, सोडते आणि तिचं काम संपतं. आसुडाच्या टोकाला काहीच बांधलेलं नसतं. मुठीशी जाड आणि शेंड्याला निमुळती अशी ती वादी स्वतःच धावत जाते आणि शेवटी कडाडते.

गळाने मासे धरणारे आपण सगळे गोफणवाले. कणकेचा गोळा किंवा शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंग मात्र आसुडाच्या जातीचं आहे. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या त्या खोट्या माशीला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती लांब फेकता येत नाही. फेकायची असते दोरी, माशी तिच्या शेंड्याला बसून जाते. म्हणून या छंदात रॉडइतकीच, माझ्या मते रॉडहून जास्त, दोरीची निवड महत्त्वाची. दुहाती रॉड हलका असेल तर चूक लगेच अंगावर येते. माझ्या आली.

पहिला दुहाती रॉड घेतला तो अकरा फुटी, त्यावर आकडा होता ४. मी दुकानात ४ नंबरची दोरी मागितली, त्यांनी दिली. ती घेऊन भंडारदऱ्याला शेंडी गावाजवळच्या काठावर उभा राहिलो. रॉड वाकेचना. दोरी दहा-बारा फुटांवर वेटोळी होऊन पडायची. हात चुकतोय असं समजून अख्खा उन्हाळा मनगट बदलत राहिलो. शेवटी ओळखीच्या सराफाकडे गेलो. पुढची तीस फूट दोरी गोल गुंडाळून पारड्यात ठेवली, उरलेली अलगद वर धरली. काट्याने पावणेआठ ग्रॅम दाखवले. रॉडसोबतच्या कागदावर लिहिलं होतं २७० ते ३०० ग्रेन, म्हणजे साडेसतरा ते साडेएकोणीस ग्रॅम. निम्म्याहून कमी वजनावर मी रॉडकडून काम मागत होतो.

ही ग्रेनची भानगड आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, जशी आपली गुंज म्हणजे एक बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. जुना पक्का तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजचा दहा ग्रॅमचा तोळा इथे धरू नका. या मापाने माझी पहिली दोरी आठ मासे भरली आणि रॉडला हवे होते किमान अठरा मासे, म्हणजे दीड तोळा. मासे धरायला निघालेल्या माणसाने दोरी माशांतच मोजावी, हे मला फार आवडतं.

मग नंबर चुकीचा होता का? नव्हता. पूर्वी या दोऱ्या रेशमाच्या असत आणि जाडीवरून ओळखल्या जात. नायलॉन आणि प्लास्टिकचं वेष्टण आलं, तेव्हा सारख्या जाडीच्या दोऱ्यांचं वजन वेगळं भरू लागलं. म्हणून १९६०च्या सुमारास अमेरिकेत पहिल्या तीस फुटांच्या वजनावर नंबर ठरले: चारला १२० ग्रेन, पाचला १४०, सातला १८५. पण हे झालं एकहाती रॉडचं. दुहाती रॉडवरचा चार हा वेगळ्या घरातला चार आहे, त्याला दुपटीहून जास्त वजन लागतं. तेव्हा दुकानात नंबर सांगू नका, ग्रेन सांगा.

दुहाती रॉड मुळात स्कॉटलंडच्या स्पे नदीवरचा. पाठीमागे झाडी आणि चढ, दोरी मागे फेकायला जागाच नाही. म्हणून ती पाण्यावरून उचलायची, तिचा शेंडा बाजूला पाण्याला टेकवायचा, मागे तिची धनुष्यासारखी कमान होऊ द्यायची आणि पुढे सोडायची. पाणी शेंडा धरून ठेवतं, तेवढ्या आधारावर रॉड वाकतो. भंडारदऱ्याच्या चढणीच्या काठांवर मला हीच पद्धत सोयीची वाटते.

आता दोरीचा घाट. वजन असतं पुढच्या जाड भागात, त्याला हेड म्हणतात. मागे बारीक धावती दोरी. स्कॅजिट जातीचं हेड आखूड आणि लठ्ठ असतं. जड माशी किंवा बुडणारं टोक ते सहज उचलतं, मात्र पाण्यावर आदळतं. स्कँडी हेड लांब आणि निमुळतं, हलकी माशी अलगद ठेवणारं. एकाच रॉडला स्कॅजिट हेड स्कँडीपेक्षा थोडं जड घ्यावं लागतं. चिलापीसारखा बुजरा मासा उथळ, संथ पाण्यात चरत असेल तर माझं मत स्कँडीला आहे. दुपारनंतर वारा सुटला, किंवा माशी खोल न्यायची असली, की स्कॅजिट लावावं. दोन्ही हेडं फासाने जोडता येतात, धावती दोरी तीच राहते. ज्याला एकच परवडणार आहे त्याने आधी स्कॅजिट घ्यावं. नवशिक्याच्या हाताला ते लवकर वळतं.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. यांतल्या बहुतेक दोऱ्या थंड पाण्यासाठी केलेल्या असतात. आपल्या एप्रिलच्या उन्हात त्यांचं वेष्टण मऊ पडतं, दोरी रॉडच्या कड्यांना चिकटते आणि अंतर घटतं. उष्ण प्रदेशासाठीची, कडक गाभ्याची दोरी मिळाली तर तीच घ्या. नाहीतर निदान धावती दोरी साध्या एकपदरी नायलॉनची ठेवा. घरी आल्यावर सौम्य साबणाच्या पाण्यात दोरी धुवा, सावलीत वाळवा. गाडीच्या काचेखाली रील विसरू नका.

आणि पाण्यावर जाण्याआधी परवानगी. आपल्या धरणांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. ते पाणी त्यांच्या पोटापाण्याचं आहे, आपल्या हौसेचं नंतर.

बाहेर टेबलावर सराफी काटा आणि तीन हेडं ठेवली आहेत: दोनशे दहा, दोनशे सत्तर आणि तीनशे ग्रेन. जाण्यापूर्वी प्रत्येकाने ती हातात घेऊन बघा, मग काट्यावर ठेवा.