न शिवलेलं आणि उसवलेलं

भिलाईहून बोलतोय.

फौजेत एक फरक लवकर कळतो. 'अनआर्म्ड' म्हणजे ज्याच्याजवळ हत्यार नाही, 'डिसआर्म्ड' म्हणजे ज्याचं काढून घेतलं. मराठीत दोघेही निःशस्त्र. पण पहाऱ्यावरच्या जवानाला दोघांशी सारखं वागून चालत नाही.

निवृत्तीनंतर मोबाइल आणि कॉम्प्युटर हाती आले, तेव्हा हाच फरक पुन्हा भेटला. शेजारच्या वहिनी बँकेचं पत्र घेऊन आल्या. इंग्रजीत 'इनऑपरेटिव्ह', हिंदीत 'निष्क्रिय'. खात्यात मिस्टरांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे. कुणीतरी खातं बंद केलं, या धास्तीनं त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या.

म्हटलं, "वहिनी, कुणी काही केलेलं नाही. दोन वर्षांहून जास्त तुम्ही खात्याला हात लावला नाही, म्हणून तशी नोंद झाली. पैसे आहेत, व्याजही चालू आहे. केवायसी देऊन या." तिथे 'डीॲक्टिव्हेटेड' असतं, तर मीच विचारलं असतं, कुणी केलं आणि का?

वहिनी शिवणकाम करतात. म्हटलं, न शिवलेलं कापड वेगळं, उसवलेलं वेगळं. लगेच समजलं त्यांना. क्रियापदाला लागलेलं 'अन' म्हणजे बहुधा उसवणं: अनडू, अनझिप, अनइन्स्टॉल. 'इन' आणि 'नॉन' नुसती अवस्था सांगतात, जसं इनव्हॅलिड. 'डिस'चं निराळंच. डिसेबल केलेलं ॲप फोनमध्येच राहतं, फक्त झोपवलेलं. अनइन्स्टॉल केलं की गेलं. आमच्याकडे हिंदी मेन्यूत डिसेबलला 'अक्षम करें' म्हणतात. ते दाबताना मला त्या ॲपचा गोपनीय अहवाल लिहितोय असं वाटतं!

अर्थात इंग्रजीलाही फार शिस्त नाही. डिस्क सोडवायला युनिक्सवाले 'अनमाउंट' म्हणतात आणि कमांडमध्ये त्यातला 'एन' गाळतात. विंडोजमध्ये 'डिसमाउंट' दिसतं. 'डिसिलेक्ट' आणि 'अनसिलेक्ट' दोन्ही चालतात. तिथे डोकं शिणवू नका. स्वतः मेन्यू लिहीत असाल तर एकच धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. 'अनलॉक्ड' मात्र जपून वाचा. कुलूप उघडलंय, की कधी लावलंच नव्हतं?

वहिनींचं खातं सुरू झालं. परवा मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "भाऊजी, 'सिम डीॲक्टिव्हेट होणार, लिंक दाबा.' हे उसवणारं ना?"

"हो. आणि उसवणारा चोर आहे. पुसून टाका."